आम्ही अर्जदार



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात अर्जलेखनाचा घटक तुम्ही वाचला असेल. रजेचा अर्ज, नोकरीसाठीचा अर्ज, शिधापत्रिकेत नाव वाढवण्याचा अर्ज, असे त्याचे नमुने असतात. हा घटक मी जवळजवळ तीस वर्षे शिकवते आहे. अर्ज मुद्द्याला धरून असावा, त्यात भावनेचा पसारा नसावा, मागणी एका वाक्यात सांगता यावी, असे नियम मी फळ्यावर क्रमाने लिहीत आले. स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत अवघड अर्ज लिहायला बसले, तेव्हा मात्र यांपैकी एकही नियम मला पाळता आला नाही. तो अर्ज २०१७ च्या जून महिन्यात आमच्या शहरातील कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. त्याचा विषय होता परस्पर संमतीने घटस्फोट, आणि त्यासाठी आम्ही वकील नेमला नव्हता.

इतकी खासगी गोष्ट अभ्यासपुस्तिकेत सांगावी का, याचा मी बराच विचार केला. सांगण्याचे कारण तुम्हीच आहात. संपर्कसत्र संपल्यावर एखादी विद्यार्थिनी मागे थांबते, सगळे गेल्याची खात्री करते, पिशवीतून घडी घातलेले कागद काढते आणि म्हणते, “मॅडम, यावर मी सही केली आहे. यात काय लिहिलंय ते सांगाल का?” हा प्रसंग माझ्या नोकरीत एकदाच नव्हे, अनेकदा आला आहे. कागद तिच्या संसाराविषयी असतात, सही तिची असते, भाषाही बहुधा तिचीच असते, आणि तरीही मजकूर तिचा नसतो. हा लेख त्या घडी घातलेल्या कागदांविषयी आहे.

प्रथम कायद्याची चौकट थोडक्यात सांगते. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा. मूळ अधिनियमात घटस्फोट हवा असेल, तर कायद्याने सांगितलेले एखादे कारण दुसऱ्या जोडीदाराविरुद्ध सिद्ध करावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात कलम १३-ब आले आणि दोघांनी मिळून अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. या कलमाखालील अर्जात तीन गोष्टी सांगाव्या लागतात: दोघे एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ वेगळे राहत आहेत, त्यांना एकत्र राहता आलेले नाही, आणि विवाह संपुष्टात आणावा याला दोघांची संमती आहे. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचे, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन तीच इच्छा कायम असल्याचे सांगायचे. मधल्या काळात एकानेही संमती मागे घेतली, तर या वाटेने हुकूमनामा मिळत नाही.

दुसरा कायदा १९८४ चा, कौटुंबिक न्यायालय अधिनियम. त्याच्या कलम १३ प्रमाणे या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते एखाद्या विधिज्ञाचे न्यायमित्र म्हणून साहाय्य घेऊ शकते. प्रत्यक्षात परवानगी सहसा मिळते आणि न्यायालयाच्या आवारात काळे कोट भरपूर दिसतात. तरी कायद्याची मूळ अपेक्षा ही की, घरातल्या माणसांनी आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगावे.

आमचे प्रकरण या अपेक्षेत बसणारे होते. मुलगी सज्ञान होती. दोघांनाही पगार होता. पोटगीची मागणी नव्हती. मारहाण, धमकी, हुंडा यांपैकी काहीही नव्हते. मी हे मुद्दाम स्पष्ट सांगते, कारण यांतली एक गोष्ट जरी वेगळी असती, तरी मी पहिल्याच दिवशी वकिलाकडे गेले असते. तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ आली, तर हे लक्षात ठेवा की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळू शकते आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. न्यायालयाच्या इमारतीतच त्याचे कार्यालय बहुधा असते.

आता माझ्या अर्जाकडे येते.

पहिला खर्डा मी एकटीने लिहिला. मे महिन्याची सुटी होती. चार रात्री जागून मी अकरा पृष्ठे लिहिली. त्यात १९९३ साली झालेल्या लग्नापासूनचे सगळे होते: सासरी पहिल्या दिवाळीला ऐकलेले शब्द, प्रबंध लिहीत असताना मिटवलेला दिवा, माझ्या वडिलांच्या आजारपणात न आलेला फोन. प्रत्येक घटनेला तारीख होती. संशोधनाची शिस्त मी जन्मभर शब्दांसाठी वापरली होती, ती आता आरोपांसाठी वापरली. लिहून झाल्यावर मला हलके वाटले, आणि याच हलकेपणाला मी लेखनाचा दर्जा समजले.

तोपर्यंत आम्ही दोन वर्षे वेगळे राहत होतो. एका रविवारी ते घरी आले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवले. माझ्या पिढीतल्या पुष्कळ स्त्रियांप्रमाणे मी त्यांना ‘अहो’ म्हणत आले, नावाने कधी हाक मारली नाही. म्हणून इथेही ‘ते’च म्हणते. त्यांनी अकराही पृष्ठे वाचली. मला वाटले होते, वाद होईल. ते इतकेच म्हणाले, “यातलं बरंचसं खरं आहे. पण या अर्जावर मी सही कशी करू?”

मी निरुत्तर झाले. अर्ज दोघांचा होता. कायद्यात तिथे वादी-प्रतिवादी नव्हते. अर्जदार क्रमांक एक आणि अर्जदार क्रमांक दोन होते. भाषाविज्ञानाच्या वर्गात पहिल्याच तासाला आपण शिकतो की प्रत्येक विधानाला एक बोलणारा असतो. माझ्या अकरा पृष्ठांचा बोलणारा एक होता आणि सह्यांच्या जागा दोन होत्या. वकील नेमला असता, तर ही अडचण मला बहुधा कळलीच नसती. त्याने तयार नमुना काढला असता, आम्ही दोघांनी खुणेच्या जागी सह्या केल्या असत्या, आणि माझी अकरा पृष्ठे कपाटात तशीच राहिली असती.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून तो अर्ज लिहिला. हे सांगताना मला आजही थोडे नवल वाटते. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला हा एकमेव मजकूर.

अडले ते सर्वनामावर. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे तुम्ही जाणता. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तोही सामावतो. “आम्ही गावाला निघालो आहोत” हे शेजाऱ्याला सांगायचे, “आपण गावाला निघालो आहोत” हे मुलांना. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ असाच भेद करतात. प्रमाण हिंदीत आणि इंग्रजीत तो नाही. हा भेद मी शेकडो वेळा शिकवला होता. त्या टेबलाशी तो मला पहिल्यांदा अंगावर आला. ते म्हणत, “आपण हे असं लिहू या.” मी कागदावर उतरवत असे, ‘आम्ही’. टेबलाशी ‘आपण’ होतो, कारण ऐकणारे आणि बोलणारे आम्हीच होतो. कागदावर ‘आम्ही’ होतो, कारण ऐकणारे न्यायालय होते. एकमेकांपासून वेगळे होण्याची मागणी करताना आम्हांला तिसऱ्यासमोर एका सर्वनामात उभे राहावे लागत होते.

दुसरी अडचण क्रियापदाची. कायद्याला ‘एकत्र राहता आले नाही’ असे विधान हवे असते. पण ‘राहणे’ म्हणजे काय? वेगळे होण्याआधीचे आठ महिने आम्ही एकाच घरात, दोन खोल्यांत होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या एका निकालात म्हटले आहे की वेगळे राहणे म्हणजे पतिपत्नी म्हणून न राहणे; छप्पर एक असले, तरी दोघे वेगळे राहत असू शकतात. ते वाचताना मला मराठीतला ‘नांदणे’ हा शब्द आठवला. निव्वळ राहण्यापलीकडचा, सुखाने, घरचे माणूस होऊन राहण्याचा अर्थ त्यात आहे. मात्र लग्नाच्या संदर्भात हा शब्द आपण बहुतेक वेळा स्त्रीपुरताच वापरतो. ती नांदायला जाते, ती नांदत नाही, तिला नांदवत नाहीत. तो नांदला नाही, असे कोणी म्हणत नाही. नांदण्याची जबाबदारी व्याकरणानेच तिच्यावर टाकली आहे.

या एका क्रियापदासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात एक प्रसिद्ध खटला लढला गेला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला, म्हणून १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा दाखल झाला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. न्यायालयात त्यांच्यातर्फे वकील बोलत होते. परंतु १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘ए हिंदू लेडी’ या नावाने छापून आलेल्या पत्रांतून त्या स्वतः बोलल्या. वकील असणे आणि स्वतः बोलणे यांत विरोध नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

आमच्या अर्जात शेवटी जे वाक्य आले ते असे: “आम्ही दोघांनी एकत्र नांदण्याचा प्रयत्न केला, ते आम्हांला जमले नाही.” ‘नांदण्याचा’ हा शब्द माझा, ‘जमले नाही’ हे शब्द त्यांचे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा: ‘आम्हांला’ ही चतुर्थी आहे. भूक मला लागते, आठवण मला येते, गोष्ट मला जमत नाही. यांत मी काही करीत नाही, माझ्या वाट्याला काही येते. अकरा पृष्ठांत मी सतत ‘त्यांनी’ हा तृतीयेतला कर्ता शोधत होते. त्याची जागा या चतुर्थीने घेतली. मी माझे आरोप खोटे मानले, असा याचा अर्थ नाही. ते खरेच होते. पण न्यायालयाकडे मी जे मागत होते, त्यासाठी त्यांची गरज नव्हती.

अर्ज दोन पृष्ठांचा झाला. टंकलेखनासाठी आम्ही न्यायालयाच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडे गेलो. त्यांनी वाक्य वाचले आणि अनुभवी माणसाच्या ममतेने म्हणाले, “इथं ‘वैचारिक मतभेद व स्वभावभिन्नता’ टाकू का? सगळे तेच टाकतात.” आम्ही दोघे एकाच वेळी “नको” म्हणालो. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे आमचे मराठी वाक्य जसेच्या तसे राहिले.

सोबत विवाह नोंदणीचा दाखला, लग्नातले एक छायाचित्र, दोघांच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, शपथपत्रे आणि संमतीच्या अटी जोडल्या. पहिल्या खेपेला कार्यालयाने हरकत काढून अर्ज परत दिला. चूक माझीच होती. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माझे माहेरचे नाव होते, अर्जात सासरचे, आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर दोन्ही जोडून तिसरेच. माणूस एक आणि नावे तीन. शब्द आणि वस्तू यांच्या संबंधावर व्याख्याने देणाऱ्या मला ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे शपथेवर लिहून द्यावे लागले. तुम्ही कोणताही अर्ज कराल तेव्हा नावे, तारखा आणि पत्ते सगळ्या कागदांवर अक्षरशः जुळतात का, हे आधी पाहा.

एका बाबतीत मात्र आम्ही सल्ला विकत घेतला. राहते घर दोघांच्या नावावर होते आणि कर्ज शिल्लक होते. घराच्या हक्कसोडपत्रासाठी आम्ही एका वकिलांकडे गेलो आणि त्यांची फी दिली. संमतीच्या अटींचा मजकूरही त्यांनी वाचून दिला. स्वतः अर्ज लिहिणे म्हणजे जे आपल्याला कळत नाही त्यातही कळते असे दाखवणे नव्हे.

न्यायालयाच्या विवाह समुपदेशक बाईंनी आम्हांला आधी एकत्र, मग वेगवेगळे बोलावले. पहिल्या तारखेला जबाब नोंदवला गेला आणि सहा महिन्यांची मुदत सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही मुदत अनिवार्य नाही. दोघे पुरेसा काळ वेगळे राहत असतील, सर्व वाद मिटले असतील आणि समेटाची शक्यता उरली नसेल, तर न्यायालय ती माफ करू शकते. आम्हांला तसा अर्ज करता आला असता. घराचे कागद पुरे व्हायचे होते म्हणून आम्ही केला नाही. उरलेले तीन महिने आम्ही थांबलो. त्या काळात मी अकरा पृष्ठे पुन्हा एकदा वाचली. फाडली नाहीत, पण पुन्हा वाचावीशीही वाटली नाहीत.

या काळात मी आपल्या भाषेतले जुने शब्द चाळत बसे. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. गावगाड्यातल्या अनेक समाजांत वेगळे होण्याची रीत होती आणि तिला हे साधे, हाताने करायच्या कृतीचे शब्द होते: काडी मोडायची, चिठ्ठी द्यायची. ‘फारखती’ तर कर्जातून आणि हक्कातून मोकळे केल्याच्या लेखालाही म्हणत. ‘घटस्फोट’ या शब्दाची कथा वेगळी आहे. धर्मशास्त्रात पतित माणसाला जातीबाहेर काढताना घडा फोडण्याचा विधी असे, त्याचे हे नाव. म्हणजे आज आपण जो शब्द सभ्य म्हणून वापरतो, त्याच्या पोटात बहिष्कार आहे. शिवाय घटस्फोट ‘घेतात’, ‘देतात’, ‘मागतात’ किंवा तो ‘होतो’. दोघांनी मिळून तो ‘केला’ असे म्हणायची सोय भाषेने अजून नीट केलेली नाही. जे समाजाला बोलता येत नाही, ते व्याकरणातही अडते.

जानेवारी २०१८ मध्ये अंतिम तारीख आली. पुकारा झाला. आम्ही दोघे पुढे गेलो. न्यायाधीशांनी मला विचारले, “तुम्ही हे स्वखुशीने करता आहात का? कोणाचा दबाव आहे का?”

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत एक सिद्धान्त मांडला: काही वाक्ये जगाचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती असते. त्यांच्या उदाहरणांत लग्नातल्या होकाराचे शब्द आहेत. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे देत आले. त्या क्षणी मला आठवले की माझ्या लग्नात मी असे काहीही उच्चारले नव्हते. मंगलाष्टके इतरांनी म्हटली, कन्यादान वडिलांनी केले, मंत्र भटजींनी म्हटले. मी राजी होते, पण “तुझी खुशी आहे का?” असे मांडवात कोणी विचारले नाही. माझ्या तोंडून निघालेला एकच शब्दसमूह म्हणजे उखाणा, आणि त्यात नाव त्यांचे होते. विवाहाविषयी माझ्या इच्छेचा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो विवाह संपवताना.

मी म्हणाले, “होय. स्वखुशीने.” आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. वकील शेजारी असते तरी हे उत्तर मलाच द्यावे लागले असते. पण अर्जातले प्रत्येक वाक्य मी लिहिलेले होते, म्हणून मी कशाला होय म्हणते आहे, हे मला ठाऊक होते.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “चहा घेऊ या?” त्या ‘या’मध्ये ‘आपण’ लपलेला होता. आम्ही चहा घेतला. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती किती लागतील याचा हिशेब केला: भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनासाठी एक, बँकेसाठी एक, पारपत्रासाठी एक. मग ते त्यांच्या वाटेने गेले, मी माझ्या.

आता त्या पिशवीतल्या कागदांकडे परत येऊ. वकील नेमू नका, असे मी तुम्हांला सांगत नाही. पुष्कळदा नेमायलाच हवा. मी इतकेच सुचवते की, वकिलाकडे जाण्यापूर्वी आपले म्हणणे एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढा. पहिला खर्डा अकरा पृष्ठांचा झाला, तर होऊ द्या. मग स्वतःला विचारा: यातले काय मला सांगायचे आहे, आणि काय मला मागायचे आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन पृष्ठांत मावते. ते कागद घेऊन वकिलाकडे जा. ते जो मजकूर तयार करतील, तो तुमच्या कागदाशेजारी ठेवून वाचा. जो शब्द कळणार नाही तिथे बोट ठेवा आणि विचारा. उत्तर मिळेपर्यंत लेखणी उचलू नका.

तुम्ही संसार, नोकरी, शेती, लेकरे सांभाळून मराठीची पदवी घेत आहात. या पदवीने काय मिळेल, असे तुम्हांला पुष्कळजण विचारत असतील. मी दिलेले उत्तर कदाचित त्यांना लहान वाटेल. स्वतःच्या आयुष्याविषयी कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येणे, आणि सही करण्यापूर्वी त्यातले एक वाक्य तरी आपले असावे असा आग्रह धरता येणे, एवढे मिळाले तरी मराठीचा अभ्यास सार्थकी लागला, असे मला वाटते.